केसपेपरवरचं प्रश्नचिन्ह

घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत, तिवा. गुरं पाळणाऱ्यांनी जनावरांच्या दुखण्यांना दिलेली ही नावं नुसती ऐकली तरी रोग डोळ्यांपुढे येतो. घसा सुजून श्वास घरघरायला लागला की घटसर्प. फऱ्यावर सूज येऊन दाबल्यावर करकर वाजलं की फऱ्या. तोंडातून लाळेच्या तारा आणि खुरांच्या बेचक्यात जखमा म्हणजे लाळ्या-खुरकूत. तीन दिवस तापाने आखडलेलं जनावर चौथ्या दिवशी उठून चरायला लागलं तर तो तिवा. बुळकांडी ही गुरांची जीवघेणी साथ जगातून गेल्याचं २०११ साली जाहीर झालं, तरी जुन्या माणसांच्या तोंडात तो शब्द अजून आहे.

कुत्र्या-मांजरांसाठी मराठीने एवढी तसदी घेतली नाही. पिसाळणं, लूत, खरूज, गोचीड, माज. एवढ्यात कोठार संपतं. बैल पडला तर पेरणी अडायची, कुत्रं पडलं तर ते दोन दिवस पडवीच्या कोपऱ्यात पडून राहायचं आणि मग आपलं उठायचं किंवा उठायचं नाही. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं १८८६ साली, पण तेव्हा गरज होती ती घोड्या-बैलांची. आता शहरातल्या सोसायट्यांमधून मांजरं आणि लॅब्राडोर घरच्या माणसांसारखे राहतात, त्यांच्यासाठी रात्रभर उघडे दवाखाने आहेत, सोनोग्राफी आहे, डायलिसिससुद्धा आहे. शब्द मात्र आयते इंग्रजीतून आले, तेही लघुरूपांत.

एखाद्या तीन महिन्यांच्या पिल्लाच्या केसपेपरवर साधारण असा मजकूर असतो: ‘ऑफ फीड २ दिवस, डल. व्ही प्लस प्लस, डी प्लस. टेंप १०३.४. एमएम पेल. डीहायड्रेशन ८ टक्के. टीडी: प्रश्नचिन्ह, जीई. आर/ओ सीपीव्ही. प्रॉग्नोसिस गार्डेड.’ उलगडून सांगायचं तर पिल्लू दोन दिवस खात नाही, मलूल आहे, उलट्या बऱ्याच, जुलाब थोडे, ताप आहे, हिरड्या फिकट, अंगातलं पाणी कमी झालंय. टीडी म्हणजे टेंटेटिव्ह डायग्नोसिस, तात्पुरतं निदान, आणि पुढचं प्रश्नचिन्ह म्हणजे खात्री नाही. जीई म्हणजे गॅस्ट्रोएंटरायटिस. सीपीव्ही म्हणजे पार्वो, पिल्लांना होणारा विषाणूचा जीवघेणा उलट्या-जुलाबांचा रोग. प्रॉग्नोसिस म्हणजे पुढे काय होईल याचा अंदाज.

या सगळ्या ओळीत रोगाचं खरं नाव एकच आहे, पार्वो, आणि त्याच्याच मागे ‘आर/ओ’ लावलेलं आहे. रूल आउट. हा सगळ्यात फसवा शब्द. घरी येऊन मंडळी सांगतात, ‘डॉक्टरांनी पार्वो रूल आउट केलाय.’ पहिल्या दिवशीच्या कागदावर त्याचा अर्थ बरोबर उलटा असतो: पार्वोचा संशय आहे, तो तपासून बाजूला काढायचा आहे. तपासणी होऊन ‘निगेटिव्ह’ लिहिलं जाईपर्यंत तो बाजूला गेलेला नसतो. आणि तोवर हे पिल्लू शेजारच्या पिल्लाच्या भांड्यात तोंड घालणार नाही, त्याची शी ब्लीचने साफ होईल, हे पाहणं मालकाचं काम. फिनेलवर विसंबू नये. पार्वोचा विषाणू नुसत्या फिनेलने जात नाही आणि जमिनीत महिनोन्महिने तग धरतो.

उरलेला ‘जीई’. गॅस्ट्रो म्हणजे जठर, एंटेरो म्हणजे आतडं, आयटिस म्हणजे दाह. उलट्या-जुलाब होतायत असं मालकाने सांगितलं आणि जठर-आतड्याला दाह आहे असं डॉक्टरने लिहिलं. दोघांनी एकच गोष्ट दोन भाषांत सांगितली. ‘आयटिस’वाले शब्द सगळे याच कुळातले. ओटायटिस म्हणजे कानाचा दाह, डर्माटायटिस कातडीचा, सिस्टायटिस मूत्राशयाचा, हेपटायटिस यकृताचा. ते जागा सांगतात, कारण सांगत नाहीत. कान बुरशीने दुखतोय, गोचडीने, ॲलर्जीने की आत गेलेल्या गवताच्या कुसळाने, हे ओटायटिस या शब्दात नाही, आणि औषध तर त्यावरच ठरायचं. म्हणून असा शब्द कागदावर दिसला की एकच प्रश्न विचारावा: कशामुळे? ‘अजून सांगता येत नाही’ हे त्याचं चांगलं, प्रामाणिक उत्तर असू शकतं. ‘इडिओपॅथिक’ हा भारदस्त शब्दही तेवढंच सांगतो, की कारण सापडलेलं नाही.

केसपेपर वाचायची खरी युक्ती एवढीच. प्रत्येक शब्द कोणत्या जातीचा ते ओळखायचं. तो जागा सांगतो, की कारण, की काळ, की फक्त खात्री किती आहे ते? अक्यूट आणि क्रॉनिक हे काळाचे शब्द आहेत. अक्यूट म्हणजे अचानक आलेलं, क्रॉनिक म्हणजे मुरलेलं. लोक अक्यूटला ‘भयंकर’ समजतात आणि क्रॉनिकला ‘जुनाच आहे, चालेल’. मूत्रपिंडाच्या बाबतीत हा गैरसमज महागात पडतो. अक्यूट किडनी इन्ज्युरीत जनावर आज जास्त धोक्यात असतं, पण वेळेवर उपचार मिळाले तर मूत्रपिंड सावरू शकतं. क्रॉनिकमध्ये आज ते शेपूट हलवत दवाखान्यात येतं, पण गेलेला भाग परत मिळत नाही.

डॉक्टरचा कागद ज्यावर उभा राहतो ते शब्द मात्र मालकाचे असतात, आणि खरा घोळ तिथे जास्त. ‘उलटी’ हा शब्द घ्या. खऱ्या उलटीत आधी लाळ सुटते, जनावर ओठ चाटतं, अस्वस्थ होतं, मग पोट जोरात दोन-चारदा आत-बाहेर होतं आणि बाहेर पडतं ते बहुतेक वेळा पिवळट, आंबूस, अर्धवट पचलेलं. दुसरा प्रकार निराळाच. मान खाली घातली आणि खाल्लेलं जसंच्या तसं, कधी नळीच्या आकारात, घरंगळून आलं. पोटाची हालचाल नाही, आधीची कुरबुर नाही. इंग्रजीत याला रिगर्जिटेशन म्हणतात. मराठीत ‘अन्न परत येणं’ म्हणावं, ‘उलटी’ म्हणू नये, कारण इथे बिघाड जठरात नसून अन्ननलिकेत असतो. उलटी थांबवायची गोळी त्यावर चालत नाही. अन्ननलिका सैल पडून फुगली असेल तर तेच अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो.

खोकल्याचं तसंच. कोरडा ठसका, शेवटी ओकल्यासारखा आवाज आणि पांढरा फेस. घरचे सांगतात, ‘घशात हाड अडकलंय’ किंवा ‘फेसाची उलटी होतेय.’ बहुतेकदा तो केनल कफ, म्हणजे कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला असतो, म्हातारं छोट्या जातीचं कुत्रं असेल तर हृदयाचा किंवा श्वासनलिकेचा त्रास असू शकतो. मांजर पोट जमिनीला लावून, मान पुढे काढून खाकरत असेल आणि केसांचा गोळा काही बाहेर पडत नसेल तर दमा मनात धरावा. यावर उपाय सोपा आहे: मोबाइलवर तीस सेकंदांचा व्हिडिओ काढा. दवाखान्याच्या टेबलावर चढलं की खोकणारं कुत्रं खोकत नाही.

जुलाबालाही दोन घरं आहेत. दिवसातून दोन-तीनदाच, पण भरपूर, पाण्यासारखं, आणि जनावर वाळत चाललेलं असेल तर बिघाड लहान आतड्यात. दर अर्ध्या तासाला थोडंसं, कुंथून, शेंबडासारखा चिकट पदार्थ आणि शेवटी लाल रक्ताचे थेंब, तर मोठ्या आतड्यात. लाल रक्त पाहून घर हादरतं, पण जास्त काळजीची गोष्ट डांबरासारखी काळी, चिकट शी ही असते. तिला मेलेना म्हणतात. वर कुठेतरी, जठरात किंवा लहान आतड्यात, रक्त झिरपून पचून खाली आलेलं असतं. लोहाच्या टॉनिकनेही शी काळी होते, म्हणून टॉनिक चालू असेल तर ते आधीच सांगून टाकावं.

आणि ‘कुंथणं’. बोका मातीच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जातो, बसतो, कुंथतो, ओरडतो, काही येत नाही. घरचे म्हणतात बद्धकोष्ठ, आणि इसबगोल नाहीतर एरंडेल पाजतात. बोक्याच्या बाबतीत जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर ही लघवी तुंबलेली समजायची. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. बारीक खडे आणि चिकट स्राव यांचं बूच बसतं. मूत्राशय फुगून लिंबासारखा कडक होतो, रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदय बंद पडतं. हे एक-दोन दिवसांत होतं. कागदावर ‘ब्लॉक्ड’ लिहिलं असेल तर ‘उद्या बघू’ चालत नाही.

‘गॅस’ही असाच जीवघेणा शब्द. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन अशा खोल छातीच्या कुत्र्याने भरपेट खाल्लं, पोट ढोलासारखं ताणलं आणि तो ओकायचा प्रयत्न करतोय पण लाळेशिवाय काही येत नाही, तर ती साधी पोटफुगी समजू नये. जठर फुगून स्वतःभोवती पीळ घेतं. डॉक्टर त्याला जीडीव्ही म्हणतात. इनो पाजण्यात गेलेला तास पुन्हा मिळत नाही. शस्त्रक्रियेशिवाय तो पीळ सुटत नाही.

‘पिरियड’ हा शब्द कुत्रीसाठी कोणी आणला कोण जाणे, पण त्याच्यापायी नको असलेली पिल्लं खूप झाली. बाईची पाळी आणि कुत्रीचं रक्त जाणं यांचा क्रम वेगळा आहे. कुत्रीला रक्त दिसतं ते माजाच्या सुरुवातीला, साधारण नऊ दिवस. मग रक्त फिकट होतं, थांबत येतं आणि मालक ‘सुटलो’ म्हणून साखळी सैल करतो. गर्भ राहायचा काळ नेमका तेव्हा सुरू होतो आणि आणखी आठवडाभर तरी चालतो. आपला जुना ‘माज’ हा शब्दच बरोबर होता. त्याच्यापुढची नोंदही ठेवावी: माज संपल्यावर दोन ते आठ आठवड्यांत, गर्भाशय काढायची शस्त्रक्रिया न झालेली मध्यमवयीन कुत्री खूप पाणी प्यायला लागली, खाणं सोडलं, मलूल झाली, तर पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात पू. ‘ओपन’ असेल तर पू बाहेर दिसतो. ‘क्लोज्ड’मध्ये बाहेर काहीच दिसत नाही, म्हणून तो जास्त वाईट. ‘शेवटचा माज कधी?’ या प्रश्नाला तारीख सांगता आली तर डॉक्टरचं अर्धं काम होतं.

प्रकृतीचे आकडे घरीही पाहता येतात. कुत्र्या-मांजराचं तापमान माणसापेक्षा जास्त असतं, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट साधारण ठीक. १०१.५ पाहून पॅरासिटामॉल देणारे लोक आहेत, आणि मांजराच्या बाबतीत ती चूक शेवटची ठरू शकते. माणसाची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेते. नाक कोरडं आहे म्हणून ताप आहे, असं नाही. एमएम, म्हणजे म्यूकस मेंब्रेन, पाहायला ओठ वर करून हिरडी पाहावी: गुलाबी हवी. बोटाने दाबली की पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी, हाच सीआरटी. ज्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या, त्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी. श्वास मोजायचा तो झोपेत, पंख्याखाली: मिनिटाला तीसच्या आत. हृदयाचा रुग्ण असलेल्या कुत्र्याचा हा आकडा रोज वहीत टिपला तर बिघाड दोन-तीन दिवस आधी कळतो.

‘डीहायड्रेशन ८ टक्के’ हा अंदाज असतो, पण त्यावर हिशेब चालतो. दहा किलोच्या कुत्र्याच्या अंगात आठशे मिलिलिटर पाण्याची तूट, शिवाय रोजची गरज किलोमागे साधारण पन्नास-साठ मिलिलिटर, शिवाय उलटी-जुलाबातून चालू असलेली गळती. म्हणजे पहिल्या दिवशी दीड लिटरच्या आसपास. वाटीने पाजून हे भरत नाही, त्यात उलट्या होत असतील तर नाहीच. ‘सलाईन’ हे आपण सगळ्याच बाटल्यांना म्हणतो. कागदावर आरएल (रिंगर लॅक्टेट), एनएस (नॉर्मल सलाईन), डीएनएस (डेक्स्ट्रोज घातलेलं सलाईन) असं वेगवेगळं असतं. डीएनएसमध्ये साखर असते म्हणून ‘बाटलीतून जेवण गेलं’ अशी समजूत होते. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर, शंभर कॅलरीही नाहीत. दहा किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायला सुमारे चारशे लागतात. मांजर, त्यातही जाडं मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून दुसरंच दुखणं सुरू होतं. ‘अॅनोरेक्सिया’ म्हणजे खात नाही, एवढंच लिहिलं असेल तर किती दिवस, आणि पाणी तरी पितंय का, हे आपण पुढे जोडून सांगावं.

औषधाची चिठ्ठी ही वेगळीच लिपी. एसआयडी दिवसातून एकदा, बीआयडी दोनदा, टीआयडी तीनदा, पीओ तोंडाने, एससी कातडीखाली, आयएम स्नायूत, पीआरएन लागेल तेव्हा. एसआयडी हे फक्त पशुवैद्यांत चालतं. माणसांचे डॉक्टर एकदाला ओडी लिहितात, म्हणून माणसांच्या मेडिकलवाल्याने एसआयडीचा बीआयडी वाचण्याची शक्यता खरी आहे. डोळ्याच्या औषधात तर ओडी म्हणजे उजवा डोळा. दवाखान्यातून उठायच्या आधी ‘सकाळी ८, रात्री ८’ असं घड्याळातलं लिहून घ्यावं. बीआयडी म्हणजे न्याहारी आणि दुपारचं जेवण नव्हे. फिट येऊ नये म्हणून दिलेलं फेनोबार्बिटल बारा-बारा तासांनीच द्यायचं. अंतर चुकलं की रक्तातली पातळी उतरते आणि फिट परत येते. तशीच डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल मांजराला कोरडी गिळायला लावू नये, ती अन्ननलिकेत अडकून जखम करते. मागून सिरिंजने पाच-सहा मिलिलिटर पाणी पाजावं.

मात्रा ‘मिलिग्रॅम पर केजी’ अशी असते, म्हणून वजन अंदाजाने सांगू नये. घरच्या काट्यावर आधी एकट्याने उभं राहायचं, मग जनावर उचलून, आणि वजाबाकी करायची. सिरपच्या बाटलीवर ‘प्रत्येक ५ मिलिलिटरमध्ये’ असं बारीक छापलेलं असतं ते डोळ्यांतून निसटतं. बारा किलोच्या कुत्र्याला किलोमागे १० मिलिग्रॅम म्हणजे १२० मिलिग्रॅम. बाटलीत ५ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असेल तर ६ मिलिलिटर. १०० हा आकडा एका मिलिलिटरचा समजला तर १.२ मिलिलिटर जातं, म्हणजे पाचवा हिस्सा. मग ‘औषध लागू पडत नाही.’

रक्ताचा रिपोर्ट हातात आला की लाल अक्षरांनी घाबरून जाऊ नये, आणि काळ्या अक्षरांवर निर्धास्तही होऊ नये. ‘नॉर्मल रेंज’ ठरवतात ती निरोगी जनावरांतल्या पंच्याण्णव टक्क्यांवरून. म्हणजे वीस चाचण्या केल्या तर ठणठणीत कुत्र्याचीही एखादी सहज बाहेर पडू शकते. त्यात रक्त माणसांच्या लॅबमध्ये गेलं असेल तर शेजारी छापलेली रेंजच माणसाची असते. तिकडे पाहूच नये. हेमॅटोक्रिट म्हणजे रक्तात तांबड्या पेशी किती टक्के ते: कुत्र्याचा साधारण ३७ ते ५५, मांजराचा ३० ते ४५. पीसीव्ही म्हणूनही तोच आकडा येतो. यकृतासाठी पाहतात त्या आकड्यांत एसजीपीटी आणि एएलटी एकच, एसजीओटी आणि एएसटी एकच. त्यातलंच एएलपी वाढत्या पिल्लात हाडांमुळे चढलेलं असतं, यकृत बिघडलेलं नसतं. मांजराची साखर दवाखान्याच्या भीतीनेच चढते. मांजराच्या प्लेटलेटच्या नमुन्यातच गुठळ्या होतात आणि यंत्र त्या कमी मोजतं, रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. उलट, क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ आलं म्हणजे मूत्रपिंड शाबूत, असंही नाही. जवळजवळ तीन-चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत तो आकडा हलत नाही. म्हणून सोबत लघवीची घनता पाहतात. खूप पाणी पिणाऱ्या, पातळ लघवी करणाऱ्या म्हाताऱ्या मांजराचा रक्ताचा रिपोर्ट चांगला आला तर एवढ्यावर थांबू नये.

‘टिक फीवर’ हा आपल्याकडे वर्षभर ऐकू येणारा शब्द, आणि तो एक रोग नाही. गोचीड चावून येणारे बरेच रोग त्या एका पिशवीत टाकलेले आहेत. एर्लिकिया आणि बबेसिया हे त्यातले दोन नेहमीचे. एर्लिकियात डॉक्सिसायक्लिन, बहुधा २८ दिवस. बबेसियाला वेगळं औषध. चौथ्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागतं आणि गोळ्या बंद होतात, इथेच ते उलटतं. दुसरं असं की पट्टीवरची एर्लिकियाची चाचणी बऱ्याचदा अँटिबॉडी शोधते, म्हणजे शरीराने रोगाशी कधीतरी गाठ घेतल्याची खूण. उपचार पूर्ण झाल्यावरही ती कित्येक महिने पॉझिटिव्ह राहू शकते. पार्वोची पट्टी अँटिजेन शोधते, म्हणजे खुद्द विषाणूचा अंश. ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द दोन्हीकडे एकच, अर्थ दोन.

लसीच्या कार्डावर डीएचपीपीआय आणि पुढे एल असतो: डिस्टेंपर, हेपटायटिस, पार्वो, पॅराइन्फ्लुएन्झा आणि लेप्टो. ‘सेव्हन इन वन’, ‘नाइन इन वन’ यांतला आकडा वाढतो तो मुख्यतः लेप्टोच्या जाती आणि कोरोना (कुत्र्यांचा, माणसांचा कोविड नव्हे) धरून. आकडा मोठा म्हणजे लस भारी असा अर्थ नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात लेप्टो येतो, माणसालाही होतो, म्हणून हा ‘एल’ दरवर्षी पावसाआधी. बूस्टर म्हणजे टॉनिक नव्हे. आईच्या दुधातून आलेलं संरक्षण लसीला निष्प्रभ करतं, आणि ते कधी उतरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, सोळा आठवडे होईपर्यंत पुन्हा पुन्हा टोचतात. शेवटचा डोस चुकवलेल्या पिल्लाला पार्वो होतो आणि खापर लसीवर फुटतं. जंताचं औषध ही लस नाही. ते आज पोटात आहेत ते जंत काढतं, उद्या येणारे अडवत नाही.

कातडीच्या शब्दांत दोनच गोष्टी. रिंगवर्ममध्ये वर्म नाही, तो गजकर्ण, बुरशी आहे, जंताच्या गोळीने जाणार नाही. आणि ‘मेंज’ दोन: सार्कोप्टिक म्हणजे आपली खरूज, प्रचंड खाज, घरातल्या माणसांनाही पुरळ उठतं, डेमोडेक्टिक मात्र कुत्र्यापासून माणसाला लागत नाही, आणि सुरुवातीला खाजही नसते.

भीती कोणत्या शब्दाची बाळगावी याचाही हिशेब बहुधा चुकतो. ट्यूमर म्हटलं की लोक रडू लागतात. पण भटक्या आणि मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांत दिसणारा टीव्हीटी, समागमातून पसरणारा ट्यूमर, आठवड्याला एक अशी व्हिन्क्रिस्टिनची चार-सहा इंजेक्शनं देऊन बहुतेकदा पुरता जातो. ‘ग्रेड’ ऐकून घाबरायचं असेल तर तो कशाचा ग्रेड ते विचारावं. हृदयाच्या मर्मरची, म्हणजे ठोक्यांमधल्या जादा आवाजाची, प्रतवारी सहापर्यंत असते आणि ती आवाज किती मोठा त्याची असते, हृदय किती बिघडलं त्याची नसते. गुडघ्याची वाटी सरकण्याची प्रतवारी चारपर्यंतच. ‘तीन’ दोन्हीकडे वेगळे. याउलट ‘स्टेबल’ ऐकून मंडळी पेढे आणतात. स्टेबल म्हणजे बरं नव्हे. आणखी बिघडत नाही, एवढंच. आणि ‘गार्डेड’ म्हणजे डॉक्टरला आज दोन्ही शक्यता दिसतायत. गुड, फेअर, गार्डेड, पुअर, ग्रेव्ह अशी ती उतरंड आहे, गार्डेड मधोमध. पार्वोच्या पिल्लाचं गार्डेड तीन-चार दिवसांत एका बाजूला कलतं. त्या दिवसांत रोज एकच प्रश्न पुरतो: कालचा शब्द आज बदलला का?

राहता राहिला आपलाच, मराठी शब्द. ‘झोपवणं.’ जखमेला टाके घालायला ‘थोडं झोपवावं लागेल’ म्हणजे सिडेशन, गुंगी. गर्भाशय काढायला ‘झोपवावं लागेल’ म्हणजे पूर्ण भूल. त्यासाठी मोठ्या जनावराला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवतात, कागदावर एनपीओ लिहितात, नाहीतर भुलीत ओकून अन्न फुप्फुसात जातं. लहान पिल्लाला मात्र इतका वेळ उपाशी ठेवत नाहीत, त्याची साखर उतरते. आणि कर्करोग पसरलेल्या, उठता न येणाऱ्या कुत्र्याला ‘झोपवूया’ म्हणजे युथेनेशिया. तिन्ही वाक्यं त्याच टेबलापाशी, त्याच आवाजात बोलली जातात. ऐकणारा घाबरलेला असतो, बोलणारा शब्द सौम्य करत असतो. संमतीच्या कागदावर सही करायच्या आधी ‘पुन्हा जागा होईल ना?’ हे उघड विचारावं. तो प्रश्न वेडेपणाचा वाटत असला तरी.

उत्तर ‘नाही’ असेल तर पुढे काय होतं तेही आधी ऐकून ठेवलेलं बरं. बहुधा आधी गुंगीचं इंजेक्शन देतात. मग पुढच्या पायाच्या शिरेत सुई बसवून भुलीच्याच जातीचं औषध मोठ्या मात्रेत सोडतात. शुद्ध काही सेकंदांत जाते, मग श्वास, मग हृदय. त्यानंतरही एखादा खोल श्वास घेतल्यासारखी छाती हलू शकते, पाय थरथरू शकतो, लघवी होते. त्याला ते काही कळत नसतं. डोळे आपोआप मिटत नाहीत. हाताने मिटवले तरी बहुधा पुन्हा उघडतात. डॉक्टर स्टेथोस्कोप छातीला लावून मिनिटभर तसाच थांबतो. तेवढा वेळ कोणी काही विचारू नये, त्याला ऐकायचं असतं.